भोंगा बँडची दीपमाला

आठवीत असताना दीपमालानं शाळेच्या बँडमधला साईड ड्रम पळवला. सव्वीस जानेवारीची तालीम चालू होती. मुलांच्या गळ्यात ड्रम, मुलींच्या हातात लेझीम, अशी वाटणी सरांनी आधीच करून टाकलेली. दीपमालानं जाऊन विचारलं, "सर, मला ड्रम द्या ना." सर हसले. तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा ते सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मुलींच्या गळ्यात हार शोभतो गं, ड्रम नाही." रांग खिदळली. पाणी प्यायची सुट्टी झाली तशी दीपमालानं भिंतीला टेकवलेला एक ड्रम उचलला, पट्टा गळ्यात अडकवला आणि मैदानाच्या पार टोकाला चिंचेखाली जाऊन बडवायला सुरुवात केली. मुलांना आठवडाभर शिकवूनही जमत नव्हता तो ठेका तिनं नुसता ऐकून उचलला होता. सर धावत आले, ड्रम हिसकावून घेतला आणि सगळ्यांसमोर तिच्या कानाखाली ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी तिची आई, नवसाबाई, गंगेवरच्या, म्हणजे नाशिकच्या गोदाकाठच्या, फुलबाजारातून तडक शाळेत आली. खांद्यावर झेंडूच्या गोणीचं फडकं तसंच.

"गुरुजी, पोरीनं तुमची ढोलकी फोडली का?"

"फोडली नाही हो, पण शिस्त म्हणून..."

"फोडली नाय ना? मग मारलं कशापायी?"

"अहो बाई, मुलींनी कसं..."

"मुलींनी काय? मी रोज डोक्यावर गोणी घेऊन बाजारात जाती. तवा तर कुणी म्हणत नाय, बाईच्या डोक्यावर हे शोभत नाय म्हणून!"

दीपमालाची मान ताठ झाली. पण घरी पोचल्यावर नवसाबाईनं तिलाही सोडलं नाही. "तुला काय गरज होती गं ती ढोलकी बडवायची? माझा बाजार बुडाला आज तुझ्यापायी," म्हणत दोन धपाटे घातले. नवसाबाईचा राग असा दोन्हीकडून धार असलेला होता, आणि लेकीनं तो जसाच्या तसा घेतला होता. वडील गोटीराम मात्र शांत माणूस. मखमलाबादच्या शिवारात कॅनॉलला लागून त्यांचा फुलांचा मळा होता. झेंडू, शेवंती, कडेला गुलाबाच्या चार ओळी. मायलेकी भांडायला लागल्या की ते खुरपं घेऊन मळ्यात निघून जायचे.

ड्रम दीपमालाला शिकवला तो मंगळूमामानं. मामा नाशिकरोडला राहायचा आणि लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्या बँडमध्ये साईड ड्रम वाजवायचा. मे महिन्याच्या सुट्टीत दीपमाला त्याच्याकडे जायची. मामानं तिला आधी पाटावर काड्या धरायला शिकवलं, मग मनगट सैल सोडायला, मग एका हाताची तक्रार दुसऱ्या हाताला न कळू देता वाजवायला. तिला दमलेलं त्यानं कधी पाहिलं नाही. मामीच कंटाळून पाट काढून घ्यायची, तेव्हा कुठे त्या घरात शांतता व्हायची.

एकदा मामा तिला वरात बघायला घेऊन गेला. नवरदेवाचा कुणी भाऊबंद दारू पिऊन बँडसमोर नाचत होता. त्याला हवं ते गाणं लागेना म्हणून त्यानं मामाच्या छातीवर हात ठेवून ढकललं, आईवरून शिवी दिली. मामा दोन पावलं मागं गेला आणि वाजवतच राहिला.

परत येताना दीपमाला म्हणाली, "मामा, त्यानं तुम्हाला शिवी दिली."

"दिली खरी."

"मग तुम्ही वाजवत का राहिलात?"

"थांबलो असतो तर बाकीच्यांचा ठेका चुकला असता, पोरी."

हे उत्तर तिला तेव्हा पटलं नाही. मोठी झाल्यावर तर अजिबातच पटलं नाही. मामावर तिचा फार जीव, पण त्या रात्री त्या दारुड्यापेक्षा ती मामावरच जास्त चिडलेली होती.

बारावी झाली तशी घरात स्थळांची बोलणी सुरू झाली. दीपमालानं त्याआधीच सातपूरच्या एका कारखान्यात काम धरलं. विजेच्या मोटारींना लागणारे छोटे स्विच तिथं बनायचे. लांबलचक टेबलाशी बायका ओळीनं बसायच्या आणि जी ती आपला एकच स्क्रू पिळून माल पुढं सरकवायची. काम कॉन्ट्रॅक्टवर. दर काही महिन्यांनी कागदावर कामावरून काढायचे आणि पुन्हा घ्यायचे, म्हणजे कुणी कायम व्हायला नको. सुपरवायझर बायकांना नावानं हाक मारायचा नाही, "ए लाईन" म्हणायचा. "ए लाईन, हात चालवा." दीपमाला दात आवळून स्क्रू पिळायची, आणि जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या पत्र्याच्या टेबलावर दोन चमच्यांनी तो सगळा राग वाजवून काढायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, "दीपे, भाजी सांडेल गं."

एक दिवस मेंटेनन्सचा महेश ताट घेऊन तिच्या समोर येऊन बसला. हडकुळा, कपाळावर केसांची झालर, बोटांना ग्रीस.

"हे कुठं शिकलीस?" त्यानं विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"आमच्या बँडला ड्रमर नाहीये."

"लग्नाचा बँड?"

"नाही. भलताच बँड आहे. येऊन बघ."

बँड खरोखरच भलता होता. सातपूर कॉलनीच्या मागं महेशच्या काकांचं, सावळीरामकाकांचं, मोटार गॅरेज होतं. रविवारी गॅरेज बंद असायचं, तेव्हा तिथं महेश गिटार आणि समाधान बास गिटार घेऊन बसायचे. समाधान एकलहऱ्याचा. त्याचे वडील थर्मल पॉवर स्टेशनात कामाला. तिथल्या कॉलनीतून बदली होऊन गेलेल्या एका इंजिनिअरनं जाताना जुन्या विलायती तबकड्यांचं खोकं समाधानच्या घरी देऊन टाकलं होतं. साठ सालातल्या पोरांचे बँड सगळे. तीन सूर, चिरका आवाज, तोंड भरून आरडाओरडा. ती पोरंही आपापल्या घराच्या गॅरेजातच वाजवत असत, असं एका तबकडीच्या पाकिटामागं छापलेलं होतं. महेश ते वाचून वेडा झाला होता. बाकी दुनिया कीबोर्डवर आणि कॉम्प्युटरवर गाणी करत होती, आणि या दोघांनी भंगारातून जुने व्हॉल्व्हचे रेडिओ आणून त्यातून गिटारचे अॅम्प्लिफायर बांधले होते. ते तापले की गॅरेजात जळक्या धुळीचा वास सुटायचा आणि आवाज असा फाटायचा की पत्रे थरथरायचे.

ड्रमसेट बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राचा होता. दीपमाला त्यावर बसली. पायानं वाजवायचा मोठा ड्रम तिनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता. तरी तासाभरात तिच्या पायाला तो कळला. महेशनं गिटारचा सूर ओढला, समाधान मागोमाग आला, आणि दीपमालानं असा काही दणका दिला की गाडीखाली झोपलेलं सावळीरामकाकांचं कुत्रं उठून रस्त्यापार पळालं.

बँडचं नाव त्यांनी ठेवलं 'भोंगा'. कारखान्याचा भोंगा. विलायती गाण्यांची नक्कल करायची नाही, गाणी आपली आणि मराठीतच, असं ठरलं. गाणी महेश आणि दीपमाला मिळून लिहायची. लोडशेडिंगवर एक होतं, सुपरवायझरवर एक. आणि सगळ्यात जोरदार ते बँडच्या नावाचं:

भोंगा वाजला, ऊठ रे,
डोळ्यात झोप, पायात बूट रे,
लाईन सुटली, हात तुटला,
मालक म्हणतो, लूट रे!

'लूट रे' हे तिचं. आणि ते गाणं सुरू व्हायचंही तिच्याच ड्रमवर. चार ठोके एकटीचे, मग गिटारी.

कपडेही त्यांनी साठ सालातले केले. भद्रकालीतल्या शिंप्याकडून बिनकॉलरचे काळे कोट, चिंचोळ्या पँटी, बोटभर रुंदीचे टाय. दीपमालानंही कोट शिवला. शिंपी म्हणाला, "ताई, हे जेन्ट्स आहे." ती म्हणाली, "मापं लेडीजची घ्या म्हणजे झालं." लांब वेणी, काळा कोट, काळा टाय, आणि समोर ड्रम. गणेशोत्सवात सातपूरच्या एका मंडळानं त्यांना पहिल्यांदा स्टेज दिलं, तेव्हा लोकांनी सिनेमातली गाणी मागितली आणि कुणीतरी चप्पलही भिरकावली. दीपमालानं ती चप्पल काडीनं उडवून परत पाठवली आणि एकही ठोका चुकू दिला नाही. तिथून जे पब्लिक नाचायला लागलं ते थांबेना. मग अंबड, सिडको, एका कॉलेजचं गॅदरिंग, इगतपुरीला रेल्वे कॉलनीत एकदा धो धो पावसात, पत्र्याच्या शेडखाली. सुपरवायझरच्या गाण्याला लाईनवरच्या बायका शिट्ट्या मारायच्या.

ती वर्षं दीपमालाची खरी. कारखान्यात ती 'ए लाईन' होती, घरी नवसाबाई रोज डोकं खायची, "त्या कोटात तुला बघून कोण करून घेईल गं?" पण ड्रमवर बसली की राग तिचं काही वाकडं करायचा नाही. तो तिचं काम करायचा.

मग दोन हजार पाच साल उजाडलं आणि यादव आला.

यादव कार्यक्रमांचा ठेकेदार होता. मोठी लग्नं, शोरूमची उद्घाटनं, पुढाऱ्यांचे वाढदिवस. एक मोटारसायकल बाजारात येणार होती, इंजिन नवं पण दिसायला अगदी जुन्या जमान्यातली. तिच्यासाठी गंगापूर रोडला मोठ्या मैदानावर कार्यक्रम ठरला होता. जुन्या चालीचा बँड शोधत यादव गॅरेजात आला. गाणी ऐकली, खूश झाला. मुंबईहून कॅसेट कंपनीचे लोक येणार आहेत, म्हणाला. जाताना महेशला त्यानं बाहेर नेलं आणि बराच वेळ त्याच्याशी बोलत राहिला. दीपमालानं आतून पाहिलं. महेश आधी नाही नाही म्हणून मान हलवत होता, मग हलवायचा थांबला.

कार्यक्रमाला दोनच दिवस उरले असताना महेशनं तोंड उघडलं. तोवर पोस्टरं लागलीही होती. काळ्या कोटातली चार पोरं, सावलीसारखी काढलेली.

"यादवचं म्हणणं आहे," तो गिटारच्या तारांकडे बघत म्हणाला, "की स्टेजवर चार पोरंच दिसली पाहिजेत. साठ सालातला बँड म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यासमोर तसंच येतं. त्याच्या भाच्याला, ओमला, तो पुढं बसवणार. कीबोर्डला एक पोरगा तो आणणारच आहे."

"आणि मी?"

"तू वाजवायचंसच! तुझ्याशिवाय कसं होईल? फक्त पडद्यामागं. माईक तुझ्याच ड्रमला. ओम नुसते हात हलवेल."

दीपमालानं हातातली काडी भिंतीवर इतक्या जोरात मारली की तिचे दोन तुकडे झाले.

"महेश, तुला लाज वाटते का रे जरा?"

"ऐकून तर घे..."

"काय ऐकू? गाणं माझं, ठेका माझा, आणि तोंड त्या पोराचं? तो सुपरवायझर बरा. तो निदान तोंडावर 'ए लाईन' म्हणतो!"

"दीपा, मला सातपुरात मरायचं नाहीये!" महेशही ओरडला. "बाबांनी तीस वर्षं मशीन पुसली. मीही पुसतोय. एकदा, फक्त एकदा कुणीतरी मुंबईहून ऐकायला येतंय. एका कार्यक्रमाचा प्रश्न आहे."

"तुला मरायचं नाही म्हणून मी मरू काय?" ती म्हणाली, सायकल काढली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समाधान मळ्यावर आला. दीपमाला झेंडू तोडत होती, म्हणजे देठासकट ओरबाडत होती. समाधान जवळजवळ मुकाच माणूस, बोलायचं म्हटलं की घामाघूम व्हायचा. बांधावर उभा राहून त्यानं कसंबसं सांगितलं, "महेशशी भांडलो मी. शेवटचं गाणं 'भोंगा'. त्या गाण्याला तुला पुढं बोलावायचं, नाव घ्यायचं, ओमला उठवायचं, असं त्यानं कबूल केलंय. माझ्यासमोर शपथ घेतली. तेवढं होणार असेल तर येशील?"

दीपमालानं तोडलेली फुलं टोपलीत आपटली. तिला नाही म्हणायचं होतं. पण मैदानभर लोकांपुढं 'भोंगा' वाजणार आणि तो वाजवायला आपण नसणार, हेही तिला सोसेना.

"त्यानं नाव घेतलं नाही तर?"

"घेईल," समाधान म्हणाला. "नाही घेतलं तर मी तुझ्या बाजूनं."

कार्यक्रमाच्या दिवशी मैदान गच्च भरलं. मोटारसायकल मधोमध, फुलांनी मढवलेली. फुलं योगायोगानं मखमलाबादचीच होती. स्टेजच्या मागच्या बाजूला मंडपवाल्यानं काळा पडदा सुतळीनं आवळून बांधला होता आणि त्याच्यामागं, जनरेटरच्या वायरी आणि पाण्याच्या कॅनच्या मधे, दीपमालाचा ड्रमसेट लावला होता. ती काळा कोट आणि टाय घालून आली होती. यादवनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोटाची काय गरज होती? इकडं कोण बघणारे?"

पुढं दुसरा चकचकीत ड्रमसेट मांडला होता. आवाज येऊ नये म्हणून त्याच्या पोटात गोधड्या आणि फोम कोंबलेला. त्याच्या बाजूला कीबोर्डशी यादवनं आणलेला पोरगा, आणि ड्रमवर बसायला एकोणीस वर्षांचा ओम, घाबराघुबरा. जाता जाता तो दीपमालाजवळ थांबला. "ताई, मला मामांनी सांगितलं म्हणून हो." तिनं आपल्या काड्या उचलल्या.

कार्यक्रम सुरू झाला. पडद्याच्या शिवणीतून तिला महेशची पाठ तेवढी दिसत होती. ती वाजवत होती आणि टाळ्या ओमला पडत होत्या. लोडशेडिंगचं गाणं संपलं तेव्हा कुणी पोरी ओरडल्या, "ड्रमर, ड्रमर!" आणि ओमनं, बिचाऱ्यानं, घाबरत काडी वर केली. जनरेटरचा धूर नाकातोंडात जात होता. ती हाताला बजावत होती, शेवटच्या गाण्यापर्यंत थांब.

दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत तिला प्रेक्षकांतून एक आवाज ऐकू आला. लांबूनही ओळखू येणारा, बाजारात गिऱ्हाईक बोलावून बोलावून फाटलेला आवाज.

"माझी दीपमाला कुठंय? ओ भाऊ, ते पोरगं नाय वाजवत. घरी रोज पाट बडवती ती, तिचा हात मला कळतो. ती वाजवती हाय! कुठं बसवलीय तिला?"

नवसाबाई आली होती. आजवर एकाही कार्यक्रमाला न आलेली, बाजारातल्या चार बायकांना घेऊन. कुणीतरी तिला म्हणालं, "मावशी, खाली बसा ना, मागच्यांना दिसत नाही."

"मला तरी कुठं दिसतंय!" नवसाबाई ओरडली. "पैले माझी पोरगी दाखवा!"

लोक हसले. यादवचा एक माणूस तिला बसवायला गेला. दीपमालानं पडद्याची शिवण बोटांनी फाकवून पाहिलं. तो माणूस आईचा दंड धरून ओढत होता आणि आई त्याचा हात झटकत होती.

तेवढ्यात महेशनं माईक हातात घेतला. शेवटचं गाणं. समाधान त्याच्याकडे बघत होता. महेशनं एकदा खाली, यादव उभा होता तिकडं पाहिलं.

"आता आमचं शेवटचं गाणं," तो म्हणाला. "त्याआधी बँडची ओळख. कीबोर्डवर आमचा आजचा पाहुणा! बासवर समाधान! आणि ड्रम्सवर..." तो थांबला. "ड्रम्सवर ओम!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. महेशनं गिटार सावरली आणि त्या चार ठोक्यांची वाट पाहत उभा राहिला.

ठोके आले नाहीत.

महेशनं मान किंचित मागं वळवली. "दीपा," तो पुटपुटला, माईकमधून ते सगळ्यांना ऐकू गेलं. ओमनं घाबरून स्वतःच काड्या मारल्या. गोधडीवर काठी पडावी तसा आवाज आला, भद भद भद भद. पुढच्या रांगा फिदीफिदी हसायला लागल्या.

तेव्हा पडदा हलला. सुतळी सुटेना, म्हणून दीपमालानं तो सरळ ओढला. कापड फाटत, बांबूसकट एका बाजूला आलं आणि काळा कोट, काळा टाय, लांब वेणी अशी ती पुढं चालत आली. तिनं महेशच्या समोरचा माईक आपल्याकडे वळवला.

"महेश, सांग ह्यांना. इतका वेळ कोण वाजवत होतं?"

महेशनं पुन्हा यादवकडे पाहिलं.

"सांग ना! गाणं लिहिताना तोंड होतं ना तुला?"

"दीपा, नंतर बोलू..."

"नंतर काय? आत्ता सांग!"

खालून कुणी ओरडलं, "ए बाई, उतर खाली!" कुणी ओरडलं, "बोलू द्या तिला!" यादवनं साऊंडवाल्याला हातानं खूण केली आणि माईक मेला. मग गिटारीही मेल्या. दीपमालाचं तोंड हलत होतं, पण पहिल्या रांगेपलीकडं काही पोचत नव्हतं.

ती ओमकडे वळली. ओम आधीच उठून बाजूला झाला होता. "बसा ताई," तो म्हणाला. तिनं मोठ्या ड्रमच्या पोटात हात घालून गोधडी ओढून काढली आणि स्टेजवरून खाली फेकली. फोम फेकला. बाकीच्या ड्रमांवर चिकटवलेली फडकी फाडली. फेकलेलं एक फडकं मढवलेल्या मोटारसायकलच्या हँडलवर जाऊन पडलं. मग ती बसली आणि चार ठोके दिले.

वीज नाही, माईक नाही, गिटार नाही. नुसते ड्रम, उघड्या मैदानात. समाधाननं निकामी बास खाली ठेवला आणि स्टेजच्या फळ्यांवर बुटानं ताल धरला. तो मुका माणूस बेंबीच्या देठापासून ओरडायला लागला, "भोंगा वाजला, ऊठ रे!" मागच्या रांगांत सातपूरची पोरं होती, त्यांना गाणं पाठ होतं. त्यांनी उचललं. लाईनवरच्या बायका होत्या, त्यांनी उचललं. सगळं मैदान काही उठलं नाही. खुर्च्यांवरची बरीच मंडळी हसत होती, काही उठून गाडी बघायला गेली, मुंबईचे पाहुणे मोबाईलवर बोलत फाटकाकडे निघाले. महेश गिटार गळ्यात घेऊन तसाच उभा होता. समाधाननं त्याला खांद्यानं धक्का देऊन खूण केली, गा म्हणून. तो गायला नाही.

दीपमालानं गाणं शेवटपर्यंत वाजवलं. घामानं कोट पाठीला चिकटला होता. मग ती उठली आणि महेशच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली. बोलली ते त्याला एकट्यालाच ऐकू गेलं. "त्या यादवला मी ओळखत नव्हते. तुला ओळखत होते."

खाली नवसाबाई पदर खोचून यादवच्या माणसाला झापत होती. लेकीला पाहताच ती तिच्यावरच घसरली. "आणि तू गं? तू बसलीसच कशी त्या पडद्यामागं? कुणी बांधून घातलं होतं का तुला?"

त्या दिवसातलं सगळ्यात जास्त तिला तेच लागलं.

भोंगा बँड तिथंच संपला. यादवनं शहरभर सांगितलं की त्या बाईनं कार्यक्रमाचा सत्यानाश केला. कारखान्यातही ही गोष्ट पोचली. पुढच्या वेळी कागदावर काढल्यावर तिला परत घेतलं नाही. अंगावर कोण कशाला घेईल अशी बाई, असं सुपरवायझर म्हणाल्याचं कुणी सांगितलं. महेश मुंबईला गेला, वर्षभरानं परत आला आणि पुन्हा सातपूरलाच दुसऱ्या एका कंपनीत लागला. बसस्टॉपवर तो कधी समोर आला तर दीपमाला त्याच्या आरपार बघायची. समाधान मध्यस्थी करायला गेला, त्यालाही तिची बोलणी बसली.

गोटीरामनी एक दिवस काही न बोलता मळ्यातली फुलं ठेवायची शेड अर्धी रिकामी करून दिली. समाधान तिथं यायला लागला. मग लाईनवर तिच्या शेजारी बसणारी सायली आली. ती गायची बरी, आणि ओरडायची त्याहून बरी. तिघांनी नवीन गाणी केली. कार्यक्रम मिळायचे ते छोटे, कामगार वस्त्यांतले, कधी कारखान्याच्या दारातल्या युनियनच्या गेटसभेपुढचे. कोट कुणी घातले नाहीत.

दोन हजार आठच्या दिवाळीआधी महेश मळ्यावर आला. केस कापलेले, पोट सुटलेलं. झेंडूची तोड चालू होती, घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तो ओसरीवर उभा राहिला.

"दीपा, चुकलं माझं," तो म्हणाला. "मी घाबरलो त्या दिवशी. रोज आठवतं. माफ कर."

दीपमाला हार ओवत होती. तिनं मान वर केली नाही. "चूक लोकांपुढं केलीस. माफी इथं, ओसरीवर?"

"आता लोक कुठून आणू?"

"ते तुझं तू बघ. मंडळ गाठ, स्टेज घे, माईकवर सांग. मी येते ऐकायला."

"इतक्या वर्षांनी? कुणाला आठवतंय ते?"

"मला."

तो ताटकळत उभा राहिला. नवसाबाई आतून चहा घेऊन आली आणि तिनं कप त्याच्या हातात दिला. महेशनं तो उभ्या उभ्याच प्याला, कप खाली ठेवला, "येतो मावशी," म्हणाला आणि गेला. मोटारसायकलचा आवाज कॅनॉलपर्यंत ऐकू आला.

तो विरला तशी दीपमाला आईवर उसळली. "त्याला चहा कशाला दिलास?"

"दाराशी आलेला माणूस हाय."

"त्यानं काय केलं ते विसरलीस?"

"चहा पाजला गं मी," नवसाबाई रागानं म्हणाली. "माफी नाय दिली."

दीपमालानं सुई झेंडूत खुपसली आणि हार गाठ मारून टोपलीत टाकला. शेडमध्ये समाधान आणि सायली येऊन बसले होते, गिटार जुळवल्याचा आवाज येत होता. ती उठली, हाताचा पिवळा रंग साडीला पुसला आणि तिकडं गेली. महेशनं स्टेज कधी घेतलं नाही. आणि तिनंही त्याला कधी माफ केलं नाही.